मधुमेही पायाला लाइट थेरपी द्यावी का?

तुमच्या प्रश्नातल्या गोष्टी आधी एकत्र मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते कळेल. वडील ६७ वर्षांचे, मधुमेह १६ वर्षांपासून. रात्री दोन्ही तळपायांची आग होते, झोप लागत नाही. दिवसा तेच पाय बधिर असतात. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यावर, तळव्याच्या बाजूला, सहा आठवड्यांपासून जखम आहे. ती दुखत नाही, पण भरतही नाही. एका क्लिनिकने इन्फ्रारेड लाइटच्या २४ सिटिंग सांगितल्या आहेत आणि तुमचे मेव्हणे म्हणतात, त्यापेक्षा लाल दिव्यांचं यंत्रच घरी आणून टाका. दोन्हींपैकी काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली २१ वर्षं माझं बहुतेक काम मधुमेही पायांचंच. सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः हे लाइटचे पॅड लोकांच्या पायांना बांधत होते, तेही पूर्ण विश्वासाने. त्यामुळे मला या यंत्रांचा राग नाही, आणि आता भुरळही उरलेली नाही.

लाइटकडे येण्याआधी एक बोलून घेते. 'जखम दुखत नाही' हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, त्यातल्या त्यात बरी बाजू म्हणून. मी मात्र वाचताना तिथेच अडखळले. तळपायाला भोक पडलंय, माणूस रोज त्याच्यावर भार देऊन चालतोय आणि त्याला दुखत नाही! तुम्हा-आम्हाला पायाखाली खडा आला तरी आपण दुसऱ्या पावलाला लंगडतो. वडील लंगडत नाहीत, म्हणून तर जखम सहा आठवडे टिकली आहे. तेव्हा माझ्या लेखी तुमचे प्रश्न दोन आहेत. रात्रीची आग हा नसांचा प्रश्न. जखम हा दाबाचा प्रश्न, आणि कदाचित रक्तपुरवठ्याचाही. पाय एकच असला तरी या दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत, आणि लाइटचं उत्तरही दोन्हींसाठी वेगळं येतं.

आता लाइट म्हणजे काय ते पाहू, कारण या एका नावाखाली बऱ्याच वस्तू विकल्या जातात. क्लिनिकमध्ये बहुधा पॅड असतील: मऊ पट्टीत बसवलेले छोटे एलईडी, ८९० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबीचा इन्फ्रारेड प्रकाश देणारे. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. दुसरा प्रकार लो-लेव्हल लेझरचा. पेनासारखा प्रोब हातात धरून जखमेच्या कडेकडेने फिरवतात. घरगुती यंत्रांत बहुतेक लाल एलईडी असतात, पट्ट्यात नाहीतर सपाटीत बसवलेले. आणि चौथा तो शेकायचा इन्फ्रारेड बल्ब. त्याच्या नावात इन्फ्रारेड असलं तरी त्याचं काम उष्णता देणं, म्हणजे साधा शेक. बधिर पायाजवळ तो बल्ब कधीही आणू नका. का, ते पुढे सांगते.

यामागचं विज्ञान थोतांड नाही. १९६७ मध्ये बुडापेस्टला एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांच्या पाठीवरचे केस भादरून तिथे मंद रूबी लेझर सोडला, तर लेझर दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले. तिथून या शाखेची सुरुवात धरतात. पेशीत मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे बारीक भाग, असतात, त्यातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एंझाइम लाल आणि त्यापुढचा इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतं. त्यामुळे पेशीची ऊर्जा वाढते आणि नायट्रिक ऑक्साइड मोकळा होऊन बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, असं मानलं जातं. सिटिंग संपल्यावर पाय थोडा गुलाबी, थोडा कोमट लागतो. तेवढं मी शेकडो वेळा हात लावून पाहिलंय. अर्ध्या-पाऊण तासात तो परत होता तसा होतो, हेही पाहिलंय.

घोडं अडतं ते पेशीपासून पायापर्यंत येताना. पहिली गोष्ट डोसची. हा डोस दर चौरस सेंटीमीटरला किती ज्यूल ऊर्जा पोहोचली यावर मोजतात. कमी पडला तर काहीच होत नाही आणि फार झाला तर परिणाम उलटा, म्हणजे पेशींचं काम मंदावतं. 'जास्त वेळ ठेवला तर जास्त गुण' हा हिशोब इथे चालत नाही. दुसरी गोष्ट खोलीची. हा प्रकाश कातडीतून काही मिलिमीटरच आत जातो. तळव्याची कातडी शरीरात सगळ्यांत जाड, त्यावर घट्टा असेल तर विचारूच नका.

तिसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा उमगली. पायाच्या बोटाला ज्या नसेमुळे स्पर्श कळतो, त्या नसेची मूळ पेशी कमरेच्या मणक्यापाशी असते. तिथून निघालेला एकच धागा जवळजवळ मीटरभर उतरून बोटापर्यंत येतो. मधुमेहात सगळ्यांत लांब धागे आधी खराब होतात, म्हणून बधिरपणा बोटांत सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो, आणि गुडघ्याच्या आसपास आला की हाताच्या बोटांतही मुंग्या येऊ लागतात. म्हणजे आजार अख्ख्या धाग्याचा, आणि आपण प्रकाश देतोय त्याच्या शेवटच्या टोकाला, तोही कातडीखाली काही मिलिमीटर.

तरीही माझ्याकडच्या लोकांना बरं वाटत होतं, ते कसं? हे मी जरा सविस्तर सांगते, कारण क्लिनिकवाले तुम्हाला खोटं सांगत असतील असं मी मानत नाही. त्यांनाही तेच दिसत असणार, जे मला दिसत होतं.

आठवड्यातून तीनदा, दर वेळी अर्धा तास. दोन पॅड तळव्याला, दोन पोटरीला, वरून पट्टा. सुरू करण्याआधी मी १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू, ज्याला आम्ही मोनोफिलामेंट म्हणतो, तळव्यावर ठरलेल्या जागी टेकवायचे. तो वाकेपर्यंत दाबायचा आणि डोळे मिटलेल्या माणसाने 'लागलं' म्हणायचं. दहापैकी किती जागा कळल्या ते वहीत लिहायचं. चार आठवड्यांनी पुन्हा तेच. तीनच्या पाच होत, पाचच्या सात होत. माणसं खूश, मीही खूश. २००४ मध्ये २७ जणांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यातही सुधारणा दिसली होती. माझी वही आणि तो प्रयोग, दोन्हींचं जमत होतं.

मग २००५ मध्ये दुसरा प्रयोग आला. ३९ जण, काहींना खरा लाइट, काहींना नुसते पॅड, आत प्रकाश नाही. कुणाला काय मिळतंय हे माहीत नाही. चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास, अगदी माझ्यासारखंच. दोन्ही गटांची संवेदना सुधारली! खरा आणि खोटा यांत फरक नाही. २००८ मध्ये आणखी काटेकोर प्रयोग झाला. ६९ जणांनी ९० दिवस घरी रोज ४० मिनिटं पॅड लावले, पुन्हा खरे आणि खोटे. नसांचा वेग मोजला, कंपनाची जाणीव मोजली, मोनोफिलामेंट तपासलं, रोजच्या जगण्यात काय फरक पडला ते विचारलं. कशातही फरक नाही. त्याच्या मधल्या काळात, २००६ मध्ये, अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने मधुमेही नसांच्या त्रासासाठी आणि जखमांसाठी इन्फ्रारेड यंत्रांचे पैसे द्यायचे नाहीत असं ठरवून टाकलं.

खोट्या पॅडने लोक का सुधारले, यावर मी बरेच दिवस विचार करत होते. एक कारण साधं आहे: दुसऱ्यांदा परीक्षा देणारा नेहमी जास्त गुण मिळवतो. तंतू कुठे टेकणार, केवढा हलका लागणार, हे त्याला कळलेलं असतं. दुसरं कारण, आगीचं दुखणं स्वतःहूनच चढतं-उतरतं. खूप दिवस वाढलेली साखर औषधांनी झपाट्याने खाली आणली तर काही जणांना पायांची भयंकर आग सुरू होते, आणि काही महिन्यांत ती आपोआप शांतही होते. मधल्या काळात जो उपाय चालू असेल, श्रेय त्याचं. पण माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण वेगळंच होतं. आठवड्यातून तीनदा त्या माणसाच्या पायातले मोजे निघत होते. कुणीतरी बोटांच्या बेचक्यात बघत होतं, टाचेची भेग दाखवत होतं, साखर किती आली विचारत होतं. हे घरी कुणीच करत नव्हतं. मी पॅड बंद केले, पण तो अर्धा तास बंद केला नाही. आता त्या वेळेत पाय तपासते, घट्टे काढते, पावलांचे आणि घोट्याचे व्यायाम करून घेते.

आग कमी होण्याबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. आग थांबली म्हणजे नस सुधारली, असं दर वेळी नसतं. जळणारी नस अर्धी जिवंत असते. ती पुरती मेली की आगही थांबते. म्हणून कुणी 'सिटिंगनंतर आग गेली' असं सांगितलं की मी आधी तंतू काढते. स्पर्श परत आला असेल तर छान. स्पर्शही गेला असेल तर तो पाय आता पहिल्यापेक्षा जास्त धोक्यात आहे आणि घरचे मात्र निर्धास्त झालेले असतात.

मग वडिलांच्या रात्रींचं काय? त्यासाठी गोळ्या आहेत, आणि त्या वापरायला घाबरू नका. अमिट्रिप्टिलीन, प्रीगाबालिन, ड्युलोक्सेटिन या तिन्ही औषधांची एकमेकांशी तुलना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. दुखणं कमी करण्यात तिन्ही साधारण सारख्याच निघाल्या, आणि एकीने भागलं नाही तर दुसरी जोडल्यावर बऱ्याच जणांना आणखी फरक पडला. कुठली द्यायची हे वडिलांचं हृदय, प्रोस्टेट, मूत्रपिंडं आणि तोल कसा आहे यावर ठरतं, म्हणून ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावं. शिवाय वडील बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असतील तर व्हिटॅमिन बी १२ तपासून घ्या. ते कमी झालं तरी पायांत असाच त्रास होतो, आणि ते भरून काढणं सोपं आहे. वेदनेवर लेझरने थोडा गुण आल्याचे काही छोटे प्रयोग आहेत, तेव्हा जखम नसलेल्या पायाला कुणी गोळ्यांच्या जोडीला उष्णता न देणारा लाइट घेतला तर मी अडवत नाही. पण 'नसा पुन्हा जिवंत होतील' या आशेवर घेऊ नका.

आता जखम. इथे गंमत अशी आहे की लाइटची बाजू नसांपेक्षा थोडी बरी आहे. कॉक्रेन ही संस्था जगभरातले प्रयोग गोळा करून तपासते. मधुमेही पायांच्या जखमा आणि प्रकाशोपचार यांवरचा त्यांचा आढावा २०१७ चा आहे. त्यांना ८ प्रयोग मिळाले, सगळे मिळून ३१६ माणसं. लाइट मिळालेल्यांच्या जास्त जखमा भरल्या असाव्यात असं दिसतं, पण पुरावा कच्चा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. प्रयोग छोटे, प्रत्येकाची तरंगलांबी निराळी, डोस निराळा. मी याचा अर्थ 'दार बंद नाही' एवढाच घेते. शिवाय अशा प्रयोगांत लाइट एकटा नसतो. जखमेची बाकीची निगाही चालूच असते.

आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमकी ती बाकीची निगाच झालेली दिसत नाही. मी त्यांचा पाय पाहिलेला नाही, पण जागा तुम्ही नीट सांगितली आहे, त्यामुळे अंदाज करता येतो. अशी माणसं माझ्यासमोर बसतात तेव्हा जखम वरून चण्याएवढी दिसते, भोवती पिवळट, कडक कातडीचं कडं. तो घट्टा. मी ब्लेडने तो थर थर करून खरवडते. माणूस शांतपणे माझ्याशी गप्पा मारत असतो, कारण त्याला काही लागतच नाही. चार-पाच पापुद्रे निघाले की कधी कधी त्याखालून थोडं पाणी किंवा काळपट रक्त येतं आणि चण्याएवढी जखम रुपयाच्या नाण्याएवढी असल्याचं दिसतं. ती आधीपासून तेवढीच होती, वर झाकण होतं इतकंच. त्या झाकणावर लाइट धरून काय होणार? घट्टा स्वतःच पायाखाली दगड ठेवावा तसा दाब वाढवतो. तो काढणं हाच अर्धा उपचार. घरी ब्लेड घेऊन बसू नका मात्र, आणि घट्ट्यावर लावायच्या औषधी पट्ट्याही नकोत. त्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं.

उरलेला अर्धा उपचार म्हणजे भार काढणं. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर काम करताना पॉल ब्रँड या सर्जनच्या लक्षात आलं होतं की बधिर पाय आजाराने झडत नाहीत, त्याच जागेवर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने झिजतात. पायाला सर्व बाजूंनी चिकटून बसणारं प्लास्टर घातलं की भार तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो आणि वर्षानुवर्षांच्या जखमा भरतात. मधुमेही पायाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही आज हेच सांगतात: तळव्याच्या बधिर जखमेला पहिली पसंती गुडघ्यापर्यंतच्या, रोग्याला स्वतः काढता न येणाऱ्या प्लास्टरला किंवा बुटाला. 'काढता न येणाऱ्या' हा शब्द महत्त्वाचा. काढता येणारा बूट दिला की लोक तो बाहेर जाताना घालतात आणि घरात काढून ठेवतात. रात्री बाथरूमला जातानाची वीस पावलं कुणी मोजत नाही, जखम मोजते. प्लास्टर सगळ्यांना चालत नाही. रक्तपुरवठा फार कमी असेल, जखमेत जंतुसंसर्ग जोरात असेल किंवा तोल जात असेल तर दुसरा मार्ग काढावा लागतो. म्हणून आधी तपासणी.

इथे तुमच्या २४ सिटिंगचा हिशोब करून पाहा. आठवड्याला तीन म्हणजे आठ आठवडे. जाऊन येऊन ४८ फेऱ्या. त्या सगळ्या फेऱ्या वडील त्याच जखमेवरून चालत करणार. लाइटने दिलं समजा चार आणे, चालण्याने नेले बारा.

रक्तपुरवठा बघायला पहिलं काम तपासणाऱ्याच्या बोटांचं: पायाच्या पाठीवर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला नाडी लागते का. मग डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह तपासणं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात, ०.९ च्या खाली आलं तर रक्तवाहिनी अरुंद आहे. पण मधुमेहात वाहिन्यांच्या भिंती चुन्याने कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो, अगदी १.३ च्याही वर. म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा. तो ३० च्या खाली असेल तर लाइट, ड्रेसिंग, प्लास्टर सगळं बाजूला ठेवून आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचं. जिथे रक्तच पोहोचत नाही, तिथे पेशींना उत्तेजन देऊन त्यांनी बांधकाम कशाने करायचं?

आणि हाड. निर्जंतुक बोथट सळई जखमेत हलकेच घालून पाहतात; टोकाला 'टक्' असं कडक लागलं तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याची दाट शंका. मग एक्स-रे, गरज पडली तर एमआरआय, आणि लांब मुदतीची प्रतिजैविकं किंवा शस्त्रक्रिया. सहा आठवड्यांच्या जखमेत हे पाहिल्याशिवाय कुणीही, कसलीही सिटिंग सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं झालं, घट्टा काढला, भार काढला, साखर आटोक्यात, रक्त पोहोचतंय, संसर्ग नाही, की जखमेला चार आठवडे द्या. त्या काळात तिचं क्षेत्रफळ निम्म्याने कमी झालं तर ती बहुधा बारा आठवड्यांत भरते. लाइटची गरजच नाही. निम्म्याने कमी झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून तपासायचं: प्लास्टर सैल आहे का, हाडात काही आहे का, रक्त कमी पडतंय का. त्यातूनही काही सापडलं नाही, तेव्हा जोडीला काय द्यायचं याचा विचार येतो, आणि त्या यादीत लाइट आहे, पण वरच्या नंबरावर नाही. माझ्याकडे वर्षभरात अशी वेळ दोन-तीन जणांवर येते. तेव्हा मी लेझर देते, ड्रेसिंग काढून, जखम धुऊन, डोस लिहून ठेवून, डोळ्यांवर चष्मे लावून. जखमेच्या जागी कर्करोगाची शंका असेल तर अजिबात नाही.

आता त्या बल्बची गोष्ट. निवृत्त गृहस्थ, शिस्तीचे, साखरेची वही रोज लिहिणारे. करंगळीच्या कडेला छोटी जखम होती, ती 'सुकवायला' म्हणून त्यांनी संध्याकाळी शेकायचा बल्ब पायाशी लावला आणि टीव्ही बघत बसले. पाय गरम झाला हे त्यांना कळलंच नाही. सकाळी त्यांच्या पत्नीला चादरीवर ओला डाग दिसला. पावलाच्या कडेला तळहाताएवढा फोड होता. तो भरायला पाच महिने लागले. त्याला सुकवायला म्हणून मी काही वापरलं असेल तर ओलसर ड्रेसिंग, कारण जखम सुकी ठेवली की भरते हा समज मुळातच चुकीचा आहे. आणि दुसऱ्याकडे बोट दाखवताना माझंही सांगते: पॅडच्या काळात एका बाईंच्या घोट्यावर मी पट्टा जरा जास्तच आवळला होता. अर्ध्या तासाने हाडाच्या टोकावर लाल वण दिसला, दोन दिवसांत तिथली कातडी गेली. त्या म्हणाल्या, 'मला तर काही जाणवलं नाही हो.' जाणवणार कसं? ते विचारायचं काम माझं नव्हतं, बघायचं होतं.

घरच्या यंत्राबद्दल मेव्हण्यांना विचारा की डब्यावर तरंगलांबी आणि दर चौरस सेंटीमीटरची ताकद छापली आहे का. बहुतेकांवर नुसतं 'रेड लाइट' असतं. लाल प्रकाशाने नुकसान होईल असं मी म्हणत नाही; कोमट होणारं, पायाला घट्ट बांधायचं, बुटासारखं आत घालायचं यंत्र मात्र बधिर पायाला नको. जखम उघडी असताना तर नाहीच. आणखी एक: नखांच्या बुरशीवरचा लेझर हा यापेक्षा निराळा आणि जोरकस असतो, त्याला अमेरिकेत मान्यता आहे ती नख काही काळ स्वच्छ दिसण्यापुरती. बुरशीच्या नखावर गोळी अजूनही जास्त भरवशाची.

क्लिनिकला पुन्हा गेलात तर एवढंच बघा: त्यांनी दोन्ही पायांचे मोजे काढायला लावले का, नाडी पाहिली का, घट्टा कोण काढणार हे सांगितलं का, आणि 'किती दिवसांत किती फरक पडला नाही तर थांबायचं' याचं उत्तर त्यांच्याकडे आहे का. चारही उत्तरं नीट मिळाली तर ते लोक चांगले आहेत, लाइट असो वा नसो.

आणि यातलं काही दिसलं तर माझ्या उत्तराची, कुणाच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या: जखमेभोवतीची लाली दोन सेंटीमीटरच्या पलीकडे पसरणं, दुर्गंधी, ताप किंवा थंडी वाजणं, साखर अचानक वर जाणं, बोट निळं-काळं पडणं. जखम नसताना एक पाऊल सुजून दुसऱ्यापेक्षा गरम लागलं तरी हेच. त्यात हाडं आतल्या आत मोडत असू शकतात आणि तिथेही दुखणं फारसं नसतं.

जखम भरली तरी पाय 'सुटला' असं समजू नका. भरलेल्यांपैकी साधारण ४० टक्के जणांना वर्षभरात पुन्हा जखम होते, बहुधा त्याच जागी. पण ती पुढची गोष्ट, तेव्हा बूट आणि इनसोलबद्दल लिहीन. सध्या आजच रात्री जखमेशेजारी एक मोजपट्टी धरून फोटो काढा आणि दर आठवड्याला त्याच अंतरावरून काढत राहा. वडिलांना घरात कुबडी नाहीतर वॉकर देऊन उजव्या पायावर भार टाकू देऊ नका. अनवाणी तर एक पाऊलही नाही. तपासणी झाली की मला तीन गोष्टी कळवा: तंतू दहापैकी किती जागी कळला, अंगठ्याचा दाब किती आला, आणि सळईला हाड लागलं का. त्यावरून पुढचं सांगते.